जंगलात ओ न देणारे मामा

आमच्या हिच्या मामांइतका जंगलाला भिणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्यांच्याइतकं आयुष्य जंगलात काढलेलाही दुसरा पाहिला नाही. त्या काळी चांदा जिल्ह्यात लाकडाचे ठेकेदार पुष्कळ. मामांचं घर वैनगंगेच्या अलीकडे सावली गावात आणि काम पलीकडे गडचिरोलीच्या रानात, सागाच्या कुपात, म्हणजे सरकारनं काही वर्षांच्या तोडीसाठी आखून दिलेल्या तुकड्यात. बाकीचे ठेकेदार कुपात जाताना खांद्यावर बंदूक टाकत. मामा छत्री घेत. वाघ, अस्वल, रानडुक्कर यांची त्यांना काडीइतकी पर्वा नव्हती. वाघाचा विषय निघाला की म्हणायचे, "वाघ बिचारा दिसते तरी." त्यांना भीती होती ती हाकेची.

त्यांचं म्हणणं असं की जंगल ऐकत असतं. एखाद्याचं नाव एकदा कानावर पडलं की ते पाठ करून ठेवतं, आणि मग कधीतरी भर दुपारी, पानही हलत नसताना, तुमच्या ओळखीच्या आवाजात तुम्हाला हाक मारतं. तुम्ही ओ दिलीत की संपलं. म्हणजे नेमकं काय होतं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. विचारलं की पानाला चुना लावायला घ्यायचे. म्हणून त्यांचा कायदा होता. वनखात्याचा नाका ओलांडला की कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही. नावानं हाक आलीच तर ओ द्यायची नाही आणि वळून बघायचं नाही. खरा माणूस असला तर चालत समोर येईल. आता एकमेकांना हाका मारल्याशिवाय तोडीचं काम चालणार कसं? तर मामा दर हंगामात सगळ्यांचं नव्यानं बारसं करत. एका साली भाज्या. "भोपळ्या, दोर धर," "वांग्या, बाजूला हो," असं दिवसभर चाललेलं. जंगल हुशार, वर्षभरात तेही शिकून घेईल, म्हणून पुढच्या साली भांडी. मी एक वर्ष दोडका होतो, दुसऱ्या वर्षी झारा झालो. रेंजरसाहेब तपासणीला आले तेव्हा मामांनी हात जोडून "या, पातेलेसाहेब" असं त्यांचं स्वागत केलं. तो भला माणूस आपलं आडनाव पातेले नाही हे सांगायला गेला, तर मामांनी घाईघाईनं कानांवर हात ठेवले. "सांगू नका बाप्पा, सांगू नका. ते ऐकून राह्यलं."

मामांचं नाव मी इथं लिहिणार नाही. हा कागदही त्याच रानातल्या बांबूचा आहे. आता तुम्ही हसाल. मामा असते तर त्यांनी हीच हरकत काढली असती, आणि खरं सांगतो, माझाही हात धजावत नाही.

मी चांद्याला शाळेत मास्तर होतो. सुट्टी लागली की इंग्रजी पत्रं लिहायला मामा मला बोलावून घेत, आणि पत्रं झाली तरी सोडत नसत. त्यांची दुसरी खोड मला या मुक्कामांत कळली. बाजारातून कुठलीही वस्तू घेताना ती धरते कशी हे ते पाहतच नसत, सोडते कशी एवढंच पाहत. कुलूप घेतलं तर लावून नाही, उघडून बघायचं, आणि तेही दुकानदाराचा जीव मेटाकुटीला येईपर्यंत. चिमटा घेतला तर त्याच्यात स्वतःचं बोट धरून बघायचं. विहिरीवरची गडारी, म्हणजे कप्पी, त्यांनी तीनदा बदलली, कारण दोर तिच्या कडेला अडकून बसायचा. माझ्या लग्नाच्या वेळी सगळे मुलाचं शिक्षण, नोकरी, घराणं विचारत होते. मामांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आवळा." मी आवळला. "सोडा." मी दचकून असा काही सोडला की पाठीमागच्या तक्क्यावर आपटलो. मामा माझ्या सासऱ्यांकडे वळले. "चालते," म्हणाले, "लवकर सोडते." माझ्यात कुणाला दिसलेला हा एकमेव गुण, असं आमच्या घरात अजून ऐकवलं जातं.

नावाची खोड त्यांना वडिलांकडून आली होती. सोडण्याची खोड एका नाल्यातून आली, आणि ती हकीकत मामांनी मला एकदाच सांगितली, नाक्याच्या अलीकडे गाडी थांबवून, कारण पलीकडे ती सांगण्यासारखी नव्हती.

त्यांचा एक बालमित्र होता, गाडीवान. हेल्यांच्या, म्हणजे रेड्यांच्या जोडीला साखळी लावून जंगलातले ओंडके गाडरस्त्यापर्यंत ओढून आणायचं त्याचं काम. अख्ख्या कुपात मामांचा कायदा मोडणारा तो एकटा. हेल्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजवत यायचा आणि लहानपणी नदीवर मारायचा तशी लांबूनच मामांना त्यांच्या पोरपणच्या नावानं हाक मारायचा. मामा तोंडावर बोट ठेवायचे, डोळे वटारायचे, कधी दगडही उचलायचे. तो हसायचा आणि पुन्हा हाक मारायचा. माझ्या लग्नाच्या आदल्या साली एका दुपारी मामा वरच्या अंगाला तोडलेल्या लाकडांवर हातोड्यानं खुणा ठोकत बसले होते, आणि खाली खोल नाल्यातून तो एक भला मोठा सागाचा ओंडका चढावर आणत होता. ओंडका मागं घसरला. अशा वेळी साखळीचा आकडा काढून जोडी मोकळी करायची असते. आकडा निघाला नाही. हेल्यांना घेऊन, गाडीवानाला घेऊन ओंडका तळाला गेला.

"मले हाक आली होती," मामा म्हणाले. "त्याच्याच आवाजात. मी नाई वळलो. म्हटलं, खरा असन तर येईन समोर." त्यांनी कासरा हाताला गुंडाळला आणि पुन्हा सोडला. "ते हाक लठ्ठा घसराच्या आधी आली का मागून आली, हे मले अजून नाई समजून राह्यलं, जवाईबापू. आधी आली असन तर तो होता."

मागून आली असेल तर कोण होता, हे मी विचारायच्या आत ते सरसावून बसले. त्यांनी बैलांना चुचकारलं, आम्ही नाका ओलांडला आणि मी झारा झालो.

गाडीवानाला वर आणून अग्नी दिला, पण तो ओंडका तळालाच राहिला. एकही जोडी त्या नाल्यात उतरेना. माणसांचं सोडा, हेलेच काठाशी पाय रोवून उभे राहायचे. आणि दुपारी, वारा पडला की, तिथून घंटा ऐकू यायच्या. मी मास्तर माणूस, चार बुकं शिकलेला. मी म्हटलं, लांब कुठं गुरं चरत असतील. मामा म्हणाले, असतील. मग मी काठावर गेलो आणि घंटा खालून येत होत्या, एकामागून एक, जोडी चढाला लागल्यावर वाजतात तशा. चढत चढत अर्ध्यावर यायच्या आणि थांबायच्या. मी परत येऊन मामांच्या शेजारी, अगदी खेटून बसलो. त्यांनी न विचारता मला पान दिलं.

गाडीवानाची बायको रस्त्यालगतच्या गावात राहायची. मामांची गाडी दारावरून जाताना ती बाहेर यायची. रडणं नाही, दोष देणं नाही. एवढंच विचारायची, "भाऊ, तो लठ्ठा वर आला काय?" लठ्ठा वर आल्याशिवाय हाती घेतलेलं काम टाकून आपला माणूस घरी यायचा नाही, असं तिच्या मनानं घेतलं होतं. "नाई बाई," मामा मान खाली घालून म्हणायचे आणि बैलांना उगाच मारायचे. एरवी त्यांनी बैलाला कधी बोट लावलेलं मी पाहिलं नाही. मी झारा होतो त्या उन्हाळ्यात कुपाची मुदत संपत आली. पावसाळ्यानंतर ते रान दुसऱ्याला जाणार होतं. तो ओंडका पावसाच्या आत, आणि दुसरा एकही जीव न जाता वर आला पाहिजे, याखेरीज मामांच्या डोक्यात काही राहिलं नाही.

त्याच सुमारास आमच्याकडे ट्रॅक्टरच्या मागं बसवायच्या विंचेचं नवल सुरू झालं होतं. ट्रॅक्टर वर काठावर उभा राहतो, मागच्या पिंपावर तारेचा दोर गुंडाळला जातो आणि ओंडका आपोआप वर येतो. मजूर तिला चरखी म्हणायचे. मामांनी माझ्याकडून इतकी पत्रं लिहून घेतली की माझं इंग्रजी सुधारलं. पहिला आला तो नागपूरच्या एका कंपनीचा एजंट, मे महिन्याच्या उन्हात गळ्याला टाय लावून. त्यानं यंत्राची स्तुती सुरू केली. किती जड ओढते, किती उंच ओढते, आणि इंजिन बंद पडलं तरी ओढलेलं एक बोटभर मागं जात नाही. "एकदा पकडलं की हिचा बाप सोडणार नाही, शेठ!" तो अभिमानानं म्हणाला. मी हळूच मामांकडे पाहिलं. मामांनी शांतपणे विचारलं, "मंग सोडाचं कसं?" तर म्हणे इंजिन उलटं फिरवायचं, हळूहळू सुटतं. मामांनी तारेच्या फासात आपली छत्री अडकवली, ओढा म्हणाले आणि लगेच सोडा म्हणाले. सुटेपर्यंत छत्रीच्या काड्या झाल्या. मामांनी त्या गोळा केल्या आणि विचारलं, "आता तुमचा पाय ठेवता काय?" एजंटनं आपल्या बुटांकडे पाहिलं. त्याचं यंत्र वाईट नव्हतं, हे मला आज कबूल आहे. ओढण्यासाठीच केलेलं होतं ते, आणि ओढत छान होतं. दुसऱ्याच्या यंत्रात दुसरी छत्री गेली. सावलीच्या बाजारातला छत्रीवाला त्या महिन्यात मामांना पाहिलं की उठून उभा राहायचा.

शेवटी चांद्याला पठाणपुऱ्याकडे एका म्हाताऱ्या मुसलमान मिस्त्रीकडे आम्ही गेलो. लढाईनंतरच्या लिलावात घेतलेला एक ट्रॅक्टर आणि त्याच्या मागं त्यानं स्वतः जुळवलेली एक चरखी. दिसायला ओबडधोबड, रंग उडालेला, आणि ओढायची ताकद एजंटच्या यंत्राच्या निम्मीसुद्धा नसेल. पण बाजूला एक दांडा होता. तो मागं खेचला की पिंप मोकळं फिरायचं. मामा फासात छत्री ठेवायला गेले, तर मिस्त्री म्हणाला, कशाला खराब करता, आणि स्वतःचा पाय ठेवून त्यानं बिडी पेटवली. तार ताणली. त्याची चप्पल करकरली. मामांनी दांडा खेचला आणि तार मेलेल्या सापासारखी जमिनीवर पडली. मिस्त्रीनं धूर सोडला. "और एक बार देखते क्या, भाऊ?" मामांनी तिथंच सौदा पक्का केला. एवढ्या अवजड ओंडक्याला ही पुरेल का, असं मी परतताना विचारलं. मामा म्हणाले, झाडाला कप्पी बांधून जोर वाढवू. "हळू ओढन. थांबत थांबत ओढन. मले घाई नाई."

ठरल्या दिवशी वर काठावर ट्रॅक्टर उभा राहिला. मिस्त्री चालवायला, आणि मामांनी चरखीच्या दांड्याला एक सुताची दोरी बांधून तिचं टोक स्वतःच्या हातात घेतलेलं. इंजिनाच्या आवाजात खालचं काही ऐकू येणार नाही, म्हणून अर्ध्या चढावर मला उभं केलं. माझ्या एका हातात पांढरं फडकं, एका हातात लाल; पांढरं म्हणजे ओढा, लाल म्हणजे थांबा. तळाशी ओंडक्याला फास बांधायला एकच माणूस तयार झाला होता, गाडीवानाचा धाकटा भाऊ. त्या सालच्या बारशात तो कढई. बांधाबांधीत सकाळ गेली आणि ओढायला सुरुवात होईतो दुपार झाली. वारा पडला. एकही पाखरू बोलेना. कढईनं खालून हात केला, मी पांढरं फडकं हलवलं, इंजिन घरघरलं आणि तो ओंडका, इतक्या दिवसांचा मातीत रुतलेला, कुशीवर वळला.

तो वर येऊ लागला तसा माझा शहाणपणा सुटला. जवळून बघावं म्हणून मी दोन पावलं खाली आलो आणि तारेला खेटून उभा राहिलो. त्या तारेचे काही धागे तुटून काट्यांसारखे उभे होते. त्यांनी माझ्या धोतराचा सोगा पकडला. मी तोंडावर आपटलो. दोन्ही फडकी पोटाखाली गेली, झुडपाआड मी कुणाला दिसेनासा झालो, आणि तार मला धोतरासकट वर, झाडाला बांधलेल्या कप्पीकडे ओढत नेऊ लागली. माझं धोतर त्या दिवशी हिनं मुद्दाम घट्ट नेसायला लावलं होतं, जंगलात अब्रू जाऊ नये म्हणून. मी ओरडलो, "मामा, मामा!" माझा आवाज माझ्या मलाच ऐकू आला नाही, इंजिन एवढं गर्जत होतं. कप्पीचं फिरणारं चाक मला दिसत होतं. मी लहान मुलासारखा रडायला लागलो.

आणि खालून हाक आली. मामांच्या पोरपणच्या नावानं, मोकळ्या गळ्यानं, नदीवर मारतात तशी. इंजिनाच्या आवाजाच्या वरून नाही, त्याच्या आतूनही नाही. जणू इंजिन चालूच नव्हतं इतकी स्वच्छ.

मामा वळले. झुडपांच्या फटीतून मला त्यांचं तोंड दिसलं, राखेसारखं झालेलं. त्यांनी दोरी खेचली. तार ढिली पडली, ओंडका हातभर मागं घसरून एका खुंटाला टेकला आणि मी कप्पीच्या झाडाशी थांबलो. माझं निम्मं धोतर चाकात गेलं होतं. मिस्त्रीनं गोंधळून इंजिन बंद केलं. त्याला इंजिनाखेरीज काहीच ऐकू आलं नव्हतं; दोरी का ओढली म्हणून तो विचारत होता.

मामांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि माझ्याकडेही नाही. ते काठाशी गेले, छत्री खाली ठेवली, आणि उभ्या आयुष्यात जंगलात जे केलं नव्हतं ते केलं.

"ओ," ते म्हणाले. मग जरा मोठ्यानं, "ओ रे. आयकलं. आलो."

आणि एकटे खाली उतरून गेले. मिस्त्रीनं आपला रुमाल मला कमरेला गुंडाळायला दिला आणि आम्ही दोघं काठावर बसून राहिलो. कढई धापा टाकत वर आला. मी त्याला विचारलं, हाक तू मारलीस का? त्याचे ओठ पांढरे पडले होते. "मी काऊन मारीन? ठेकेदारभाऊले नावानं हाक माराची माई हिंमत हाय काय?" आवाज, तो म्हणाला, त्याच्या पाठीमागून आला होता, जिथं ओंडका आधी पडलेला होता त्या खड्ड्यातून. खाली मामा ओंडक्याला पाठ टेकून बसलेले दिसत होते. ते बोलत होते. काय बोलले ते कळलं नाही, पण मधेमधे थांबून ऐकत होते.

ऊन उतरायच्या आत ओंडका वर आला, हळू, थांबत थांबत. त्या नाल्यात पुन्हा घंटा वाजल्याचं कुणी सांगितलं नाही. परत येताना मामांनी ट्रॅक्टर मुद्दाम त्या गावावरून घेतला. गाडीवानाची बायको दारात उभीच होती. "आला, बाई," मामा म्हणाले. तिनं लाकडावरून हात फिरवला, बराच वेळ, हेल्याच्या पाठीवरून फिरवतात तसा. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "च्या घेऊन जा, भाऊ."

तो ओंडका मामांनी कधी चिरला नाही. सावलीच्या घरासमोर तो पडून असायचा आणि संध्याकाळी मामा त्याच्यावर बसायचे, एका कडेला. मी शेजारी बसायला गेलो की म्हणायचे, "थोडं सरकून बसा, जवाईबापू." मी सरकायचो. मधली जागा मोकळी राहायची आणि आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना बसून चहा प्यायचो. पुढच्या हंगामात बारसं पुन्हा झालं, धान्यांवरून. मी वाल होतो. पण कायद्याचं दुसरं कलम बदललं होतं. हाक आली तर हातात असेल ते आधी सोडायचं आणि मग वळून बघायचं, असं मामा प्रत्येकाला बजावून सांगायचे. एकदा मी त्यांना विचारलं, ती हाक खरंच त्याचीच होती का, की जंगलानं आवाज काढला? मामा म्हणाले, "कोणाचीबी असो. तुमी वाचले ना?" आणि माझा हात हातात घेऊन त्यांनी असा आवळला की माझे डोळे भरून आले. तो त्यांनी लवकर सोडला नाही.

मामा गेले तेही उन्हाळ्यात, घरीच, अंथरुणावर. शेवटच्या दुपारी आम्ही सगळे भोवती असताना त्यांनी एकदम मान वळवली, ओ दिली आणि गेले. हाक आमच्यापैकी कुणाला ऐकू आली नव्हती.

मागच्या सुट्टीत मी त्या नाल्यावर जाऊन आलो. कुणाला सांगितलं नाही. हिनं सोडलं नसतं. भर दुपारी काठावर बसलो, दिवस कलेपर्यंत बसलो. हाक आली नाही. घंटाही नाही. मला फार वाईट वाटलं, आणि मग हसू आलं. येणार कशी? त्या जंगलाला दोडका ठाऊक आहे, झारा ठाऊक आहे, वाल ठाऊक आहे. माझं नाव तिथं कुणाला ठाऊक नाही. मामांनीच ते इतकी वर्षं जपून, झाकून ठेवलं. आता ते स्वतः तिथं खाली त्या गाडीवानाशेजारी बसले असतील आणि त्यांना मला एखादी गोष्ट सांगावीशी वाटली, किंवा माझा सोगा पुन्हा कशात अडकला, तर ते मला बोलावणार काय म्हणून? जंगलात नाव घ्यायचे नाहीत ते.

मी उठलो. आजूबाजूला कुणी नाही हे पाहिलं. हात तोंडाशी धरले आणि खाली वाकून, शाळेत हजेरी घेताना घेतो तसं, माझं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव मोठ्यानं सांगितलं. मग ऐकत उभा राहिलो.